वाफशावर आलेलं परस

२००८ साली मे महिन्यात आम्ही जळगावहून सिल्वासाला राहायला आलो, तेव्हा सासूबाईंनी पुरचुंडीत बांधून दिलेलं भरिताच्या वांग्याचं बी सामानात होतं. मृगाच्या सुमाराला रोप टाकायचं, मोठ्या पावसात लावायचं, दिवाळीपासून वांगी खायची. खानदेशात सगळेच असं करतात, मीही केलं. ऑगस्ट संपेपर्यंत एकही रोप उभं नव्हतं. जमिनीलगत खोड काळं पडायचं आणि सकाळी रोप आडवं झालेलं दिसायचं. दुकानातून बुरशीनाशक आणून मारलं. पावसाने ते धुऊन नेलं. पुन्हा मारलं.

जळगावात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सिल्वासात दोन हजारांच्या वर, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मग आठ महिने आभाळ कोरडं. इथल्या परसबागेची बहुतेक दुखणी यातूनच निघतात, हे उमगायला मला चार-पाच वर्षं लागली. तोवर मी पानाकडेच पाहत होते. पान पिवळं पडलं की खत, पान मुरडलं की फवारा.

शिवाय घरामागे माती म्हणून जी होती, ती प्लॉटचा भराव होती. वीतभर खणलं की मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. पावसाळ्यात वर पाणी तुंबायचं आणि मार्चमध्ये तिच्यावर खुरपं आपटलं की दगडावर आपटल्यासारखं वाजायचं.

गल्लीत भाजी विकायला येणाऱ्या एक वारली मावशी होत्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी माझं आडवं पडलेलं वांग्याचं रोप उचलून मूळ नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "एवढ्या पाण्यात वांगा कशाला लावतेस?" त्यांच्या पाड्यावर मी गेले तेव्हा श्रावण होता. काकडी, दुधी, शिराळी कुडावरून थेट छपरावर चढलेली. दाराशी अळू, हळद, एका कडेला भेंडी. पाणी सोसणारं ते पावसात, बाकीचं पाऊस ओसरल्यावर. भात कापलं की त्याच ओलीवर वाल. भाताचं रोप टाकण्याआधी इथे राब भाजतात: जमिनीवर पालापाचोळा, फांद्या, शेणाचा थर रचून पेटवायचा. त्याने तणाचं बी मरतं आणि राख जागच्या जागी मातीला मिळते. मावशींच्या चुलीतली राखही वेलांच्या बुडाशी जायची.

दुसरं वळण लागलं भास्कर सावे यांच्या कामामुळे. उंबरगावजवळच्या देहरीची त्यांची कल्पवृक्ष वाडी आमच्यापासून फार लांब नाही. सावे मुळात शाळामास्तर. सुरुवातीला त्यांनीही रासायनिक खतांवर पीक घेतलं आणि मग तो रस्ता सोडून नारळ-चिकूची नैसर्गिक बाग उभी केली. जपानचे नैसर्गिक शेतीवाले मासानोबू फुकुओका ती पाहून भारावले होते. २०१० साली सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाने सावेंचा जीवनगौरव केला आणि २०१५च्या ऑक्टोबरमध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या वाडीतली रचना माझ्या मनात घर करून बसली. झाडं उंचवट्यावर, आणि पाणी बुंध्याशी नाही तर बाजूच्या चरात. मुळं ओलाव्याकडे पसरतात, बुंधा कोरडा राहतो आणि जमिनीवर पानांचं पांघरूण असतं.

आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी शब्द आहे, वाफसा. मातीच्या कणांमधल्या पोकळीत ओलही हवी आणि हवाही हवी. मी माझ्या रोपांना चार महिने बुडवत होते आणि उरलेले आठ महिने भाजत होते.

मग परस नव्याने मांडलं. भराव काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्याच्यावरच फूटभर उंच वाफे केले, मध्ये चर ठेवले. नोव्हेंबरपासून भाताचा पेंढा अंथरायला लागले. सागाची पानं इथे भरपूर, पण ती कुजायला फार वेळ घेतात. चुरून शेणकाल्यात भिजवली की बरी कुजतात. खताच्या ढिगाने पहिल्या पावसाळ्यात फार रडवलं. काळं पाणी, आंबूस वास, वळवळणाऱ्या करड्या अळ्या. घाबरून मी तो ढीग उचलून टाकला. नंतर कळलं, त्या अळ्या ओला कचरा खातात, जिवंत झाडाच्या वाटेला जात नाहीत. कमी होता तो सुका पाला. आता उन्हाळ्यातच चार गोणी पाला भरून ठेवते, स्वयंपाकघरातल्या भांडंभर कचऱ्यावर दोन भांडी पाला पडतो आणि ढिगावर पत्रा असतो.

किडींच्या बाबतीत माझी खोड मोडली ती पपईने. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली पहिल्यांदा कोइमतूरला सापडला आणि बघता बघता देशभर पसरला. आमच्याही पपईवर कापूस चिकटल्यासारखा थर आला, खोडावरून मुंग्यांची रांग. मिळेल ते औषध मारलं, थर परत येत राहिला. २०१० साली या ढेकणाच्या अंगात अंडी घालणारी एक बारीक गांधीलमाशी प्वेर्तो रिकोहून आणून आपल्याकडे सोडली, आणि फवाऱ्यांना न आवरलेली कीड तिने आवरली. जहाल औषध आधी अशा माशीलाच मारतं, हे वाचलं त्या दिवशी मी कपाटातल्या बाटल्या बंद केल्या. आता मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला चिकट पट्टी बांधते, दिसलेला थर साबणाच्या पाण्याने घासून काढते.

मिरचीची पानं मुरडवणारा बोकड्या मात्र अजून पिच्छा सोडत नाही. पान उलटं करून भिंगाखाली धरलं की फुलकिडे दिसतात, बारीक पिवळसर रेघांसारखे, शिरेच्या कडेने पळणारे. त्यांच्यावर निंबोळी चालते: लिटरला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवायची, गाळायची, किंचित साबण घालून दुसऱ्या संध्याकाळी पानाच्या खालून फवारायची, कडक उन्हात तिचा गुण लवकर उतरतो. पण पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर त्या झाडाला औषध नाही. उपटून टाकावं लागतं, आणि फुलावर आलेलं झाड उपटताना आजही हात अडतो. गोगलगाईंसाठी जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी ओलं गोणपाट आणि त्याखाली कोबीची पानं ठेवायची, सकाळी मिठाच्या पाण्याची बादली घेऊन जायचं.

भरिताचं वांगं मी गणपतीनंतर टाकायला लागले, तेव्हा ते रुजलं. शेंडे पोखरणारी अळी येतेच. मान टाकलेला शेंडा दिसला की बोटभर खालून कापून नष्ट करते. दोन-तीन आठवडे न चुकता केलं तर फळं वाचतात. २०१४च्या जानेवारीत पहिलं हिरवं, दोन हातांत धरावं लागेल असं वांगं उतरलं. भाजायला इथे कपाशीच्या काड्या कुठल्या? मावशींनी तुरीच्या काड्या आणून दिल्या, अंगणात जाळ केला, आणि कांद्याची पात, ठेचलेली मिरची, लसूण घातलेलं भरीत आम्ही तिथेच बसून खाल्लं.

गेल्या पौषात मावशींना मी दोन वांगी द्यायला गेले. त्यांनी ती परत माझ्या हातात ठेवली आणि बी मागितलं. डब्यात राखेत घोळवून ठेवलेलं होतं, त्यातलं मूठभर दिलं. यंदा गणपती उठले की त्यांच्या अंगणात उंचवटा करून, राख पसरून, रोप टाकायचं ठरलं आहे.