शेवगांवच्या घळी

शेवगांव तालुक्याची जमीन दक्षिणेकडील माळांवरून उत्तरेस गोदावरीकडे उतरत जाते. माळावर वीतभर माती आणि तिच्याखालीं मुरूम. गंगथडीस आलें म्हणजे खोल, भारी काळी. या उतारावर जमीन जागोजाग चिरलेली आढळते. कांहीं चिरा गुडघाभर, तर कांहींत बैल उभा राहिला तरी त्याचीं शिंगें दिसूं नयेत इतक्या खोल. पाऊस मात्र वर्षाकाठीं सुमारें २०-२५ इंचच. एवढ्या बेताच्या पावसानें ही दशा कशी व्हावी?

याचें उत्तर पुष्कळ अंशीं पेरणीच्या जुन्या रीतींत सांपडतें. भारी काळ्या रानांत या बाजूस परंपरेनें खरीप घेत नसत. मृगापासून उत्तरा नक्षत्रापर्यंत शेत कुळवून मोकळें ठेवावयाचें, पाणी मुरूं द्यावयाचें, आणि हस्ताच्या सुमारास शाळू पेरावयाचा. शाळू केवळ जमिनींतील ओलीवर पिकतो. तेव्हां ही रीत अडाणीपणाची खास नव्हे. परंतु या पट्ट्यांत मोठा पाऊस येतो तो भाद्रपद-आश्विनांत, वादळी सरींनीं, आणि नेमकें त्याच वेळीं रान उघडें असे. काळी माती कोरडी असतां भेगांवाटे पाणी गटागट पिते. एकदां फुगली कीं भेगा मिटतात, आणि पाणी माती घेऊन वरूनच धांवतें. प्रथम साल निघावी तसा पातळ थर जातो. तो कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. मग ओघळ पडतात, ते कुळवानें बुजतात. ज्या वर्षीं त्यांतून कुळव चालेनासा होतो, त्या वर्षीं घळ जन्मास आली असें समजावें. पुढें तिच्या माथ्यावरून पडणारें पाणी पायथा पोखरतें, वरची कड कोसळते, आणि घळ दरसाल शेतांत मागें मागें सरकते. अलीकडे कपाशी-तुरीमुळें ती जुनी रीत पुष्कळ मोडली. घळी मात्र राहिल्या.

इंग्रजी अंमलांत १८३६ सालीं इंदापुराकडून सुरू झालेल्या मोजणीनें हलक्या जमिनींवर हलका सारा बसविला, आणि त्या शतकांत दख्खनचे चराऊ माळहि नांगराखालीं आले. सर्व्हे नंबरांच्या हद्दी सरळ पडल्या. उतार कोणी विचारला नाहीं. वांटण्यांनीं पट्ट्या अरुंद झाल्या, आणि ज्याची पट्टी उताराच्या दिशेनें लांब, त्याची पाभरहि उतारानेंच चालली. पाभरीचा एकेक तास म्हणजे पाण्यास आयती वाट! गाडीवाटांचेंहि तेंच: चाकोऱ्या खचत गेल्या आणि पाणंदीचा ओढा झाला.

तथापि प्रत्येक घळ शेतकऱ्याच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. संगमनेरच्या बाजूस प्रवरेकांठीं जीं विस्तीर्ण घळींचीं रानें आहेत, त्यांचें मूळ नदीनें हजारों वर्षांपूर्वीं सांठविलेला गाळ पुन्हा कापला जाण्यांत आहे. उलट अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत प्रॉव्हिडन्स कॅनियन म्हणून सुमारें १५० फूट खोल दरी आहे, ती एकोणिसाव्या शतकांतील बेफाम नांगरटीनें पडलेली. शेतांतूनच ज्यांचा उगम होतो, त्या घळी या दुसऱ्या कुळांतल्या.

उपाय ठाऊक नाहीं असें नाहीं. १९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें, १९४२ सालीं मुंबई इलाख्यांत जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, आणि समपातळींत ताल घालण्याचीं कामें निघालीं. १९७२ च्या दुष्काळांत हजारों हातांनीं असे ताल घातले. परंतु ताल जमिनीच्या अंगानें वांकडा चालतो आणि मालकीची हद्द सरळ. वरच्याच्या पिकांत पाणी तुंबलें कीं तो ताल फोडतो, आणि त्या एका खिंडारांतून सुटलेला लोंढा खालच्याच्या शेतांत नवी घळ पाडतो. अशा भांडणांत दोघांचेंहि म्हणणें खरें असतें, ही खरी अडचण.

गोदावरीवर पैठणजवळ जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून नाथसागराचें पाणी तालुक्याच्या उत्तर कडेस येऊन थांबतें. ओढ्यांनीं आणलेला गाळ आतां तेथेंच बसतो. उन्हाळ्याकडे पाणी ओसरूं लागलें म्हणजे उघड्या पडलेल्या त्या जमिनींत गाळपेर करतात. त्या गाळांत वरच्या माळांची मातीहि असते.