दुभाजकावरची दिल्ली

लाल किल्ल्यासमोरून फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणारा चांदनी चौकाचा रस्ता जेमतेम १.३ किलोमीटर लांबीचा आहे. परंतु राजधानीत नेमकी कोणाची सत्ता चालते, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी या रस्त्याचा दुभाजक पाहावा.

शाहजहानची कन्या जहाँआरा हिने सतराव्या शतकात हा बाजार आखला, तेव्हा रस्त्याच्या मधोमध कालवा वाहत असे. पुढे कालवा बुजला आणि १९०८ ते १९६३ या काळात ट्राम धावली. त्यानंतर मोटारी, हातगाड्या, सायकलरिक्षा आणि डोक्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा यांचेच राज्य होते. २००८ मध्ये शाहजहानाबाद पुनर्विकास महामंडळ स्थापन झाले; प्रत्यक्ष काम सुरू व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला. मधल्या काळात फाइल फिरत राहिली आणि प्रश्न उच्च न्यायालयात जाऊन बसला. महापालिकेने शहरातील सायकलरिक्षांवर घातलेली ९९ हजारांची कमाल मर्यादा याच न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये रद्द केली. ज्या रिक्षांना एकेकाळी या रस्त्यावरून हटवायचे होते, त्याच नव्या आराखड्यात अधिकृत वाहन ठरल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये रस्त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी लागू झालेली होती.

तारा भूमिगत झाल्या. पण रोहित्रे कोठे ठेवायची? दुकानदार दर्शनी जागा सोडायला तयार नसतात, गल्ल्या अरुंद. मग रोहित्रे दुभाजकावर आली. लाल किल्ल्याचे दर्शन झाकले जाते, असा आक्षेप वारसाप्रेमींनी घेतला. तो चुकीचा नव्हता. मात्र कोणाचीच नसलेली जागा शेवटी सर्वांची अडगळ होते, हा दिल्लीचा जुना अनुभव आहे.

याच रस्त्यातील हनुमान मंदिर जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार पाडले गेले. पुढच्याच महिन्यात रातोरात दुभाजकावर नवे मंदिर उभे राहिले. पाडकामाचे खापर आम आदमी पक्ष आणि भाजप यांनी एकमेकांवर फोडले. नव्या मंदिराला विरोध करायला मात्र कोणीच पुढे आले नाही.

घटनेच्या कलम २३९ कक नुसार पोलीस आणि जमीन हे विषय दिल्ली विधानसभेच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे वाहनबंदीची अधिसूचना राज्याच्या परिवहन खात्याची, ती अमलात आणणारे वाहतूक पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाचे, झाडलोट महापालिकेची आणि वीज खासगी वितरण कंपनीची. २०१४ च्या कायद्यानुसार फेरीवाल्यांचा निर्णय आणखी निराळ्या समितीकडे. सरकारी सेवेतील वाचकांना ही विभागणी नवी नाही. टिप्पणी कोणत्या मेजावर अडते, हेही त्यांना ठाऊक असते. २०२५ मध्ये केंद्र, राज्य आणि महापालिका या तिन्ही ठिकाणी भाजपची सत्ता आली. आता बोट दाखवायला दुसरा पक्ष उरलेला नाही.

हा वाद निव्वळ शोभेचा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये लगतच्या भगीरथ पॅलेसमधील विद्युत साहित्याच्या बाजाराला आग लागली. अरुंद गल्ल्यांमुळे अग्निशमन दलाला आत शिरणेच कठीण झाले आणि आग पूर्ण विझायला काही दिवस लागले. मुख्य रस्ता तोवर लाल दगडाने सजला होता. पुनर्विकास त्याच्या कडेलाच थांबला होता आणि गल्ल्यांतील तारा पूर्वीसारख्याच लोंबत होत्या.