भूल देणार कोण?

पेडणे वा डिचोलीच्या एखाद्या घरात मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, की म्हापसा किंवा बांबोळीची वाट धरावी लागते. सर्जन कोण, याची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो. भूलतज्ज्ञाचे नाव मात्र पुष्कळदा बिलातच प्रथम वाचतो. वस्तुतः शस्त्रक्रिया चालू असता रोग्याचा श्वास, नाडी व रक्तदाब यांची राखण तोच करीत असतो.

एकच भूलतज्ज्ञ एका वेळी अनेक शस्त्रक्रियांवर देखरेख करू लागला, तर त्याने शुल्क किती घ्यावे? अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने याचा नियमच घातला आहे. भूल-परिचारिकांकरवी दोन ते चार रोगी सांभाळणाऱ्या डॉक्टरास प्रत्येकामागे निम्मेच शुल्क मिळते. तेही रोग्यास त्याने आधी तपासले असेल आणि भूल चढताना व उतरताना तो जातीने हजर असेल तर. चाराहून अधिक रोगी झाल्यास मोबदला आणखी घटतो.

आपल्याकडे भूल-परिचारिकांची ती पद्धत रूढ नाही. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत वरिष्ठांच्या नजरेखाली निवासी डॉक्टर भूल देतात; लहान खासगी रुग्णालयांत बहुधा भूलतज्ज्ञ बाहेरून येतो. पॅकेजच्या सरकारी योजनांत त्याचे शुल्क सहसा एकरकमी दरातच धरलेले असते.

म्हणून आम्ही सुचवितो, आदल्या दिवशीच विचारावे: भूल कोण देणार, शुल्क वेगळे की पॅकेजमधले, आणि ते डॉक्टर शेवटपर्यंत रोग्यापाशी असणार ना? आपण मोल देतो ते त्या जागत्या नजरेचे.