न्हाणीतल्या बेडकाचं कुळ कोणतं?

उन्हाळा सरत आला की बुलढाणा, चिखली, मेहकरकडच्या घरांत न्हाणीच्या ओल्या भिंतीला किंवा पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली एक फिकट तपकिरी बेडूक चिकटलेला सापडतो. नर बोटभर, मादी त्याहून मोठी. बोटांची टोकं गोल आणि चपटी. दिवसभर पाय पोटाशी घेऊन निपचित बसतो; उडी मारली तरच मांडीच्या मागच्या बाजूचे पिवळे ठिपके दिसतात. ओळख पटवायची खरी खूण तीच. पाठीच्या रंगावर भिस्त ठेवू नका, तो दिवसात बदलतो.

हा पॉलिपिडेट्स मॅक्युलॅटस, भारतातला सर्वांत सहज भेटणारा वृक्षबेडूक. इतक्या ओळखीच्या प्राण्याला शास्त्रात नेमकी जागा मिळायला मात्र सुमारे १४० वर्षं लागली.

१८३० मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याचं नामकरण केलं ते हायला मॅक्युलॅटा असं. हायला ही युरोपातल्या वृक्षबेडकांची प्रजाती. झाडावर चढतो, बोटांना चकत्या आहेत, म्हणजे त्यातलाच, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. १८३८ मध्ये अवघ्या विशीतल्या योहान याकोब फॉन चुडी या स्विस अभ्यासकाने पॉलिपिडेट्स ही प्रजाती मांडली. पण १८८२ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ बूलंजे यांनी ती मोडून आपल्या बेडकाला ऱ्हॅकोफोरस या मोठ्या प्रजातीत घातलं, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षं तो तिथेच राहिला. १९७० मध्ये लिएम या संशोधकाने आशिया-आफ्रिकेतल्या वृक्षबेडकांची हाडं, स्नायू आणि इतर शरीररचना बारकाईने ताडून पाहिली. शिकागोच्या फील्ड म्युझियमने छापलेल्या त्या ग्रंथानंतर पॉलिपिडेट्स पुन्हा उभी राहिली. आज तिच्यात सुमारे २५ जाती आहेत.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती बोटाच्या चकतीची गोष्ट. चकतीच्या कातडीवर षटकोनी पेशी असतात, त्यांच्यामधल्या फटींतून चिकट स्राव पसरतो आणि गुळगुळीत भिंतीलाही पकड बसते. शेवटच्या दोन पेरांच्या मध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो, त्यामुळे चकती हव्या त्या कोनात टेकते. हायलाच्या बोटातही हीच सोय आहे. म्हणून ग्रे फसले, यात त्यांचा दोष नाही. पण डीएनए तपासल्यावर नातं उलगडलं ते वेगळंच. आपला वृक्षबेडूक हायलाचा दूरचाच नातलग. बांधावर डराँव डराँव करणारा शेतातला मोठा बेडूक त्याला कितीतरी जवळचा. चकत्या दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे आल्या. झाडावर राहायचं तर पकड हवी, आणि उत्क्रांतीने तो एकच उपाय दोनदा शोधला. आपल्या बेडकाच्या ऱ्हॅकोफोरिडी कुळाचे सर्वांत जवळचे आप्त तर मादागास्करमध्ये आहेत. भारत आणि मादागास्करचे भूभाग सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून सुटले. ऱ्हॅकोफोरिडी आणि मादागास्करच्या या आप्तांची फारकत काही संशोधक त्या घटनेशी जोडतात.

वर्गीकरण अजून थांबलेलं नाही. २०१० मध्ये श्रीलंकेतल्या तीन जाती पॉलिपिडेट्समधून काढून तरुगा ही नवी प्रजाती केली गेली. त्याच वर्षी सह्याद्रीतल्या चिमुकल्या झुडूपबेडकांना राओर्केस्टिस ही प्रजाती मिळाली, भारतीय बेडकांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या नावावरून. पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या नावाची राओर्केस्टिस घाटेई ही जात २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच नोंदली गेली.

राओर्केस्टिसच्या अंड्यातून थेट इवला बेडूक निघतो. पॉलिपिडेट्सची रीत निराळी. पाऊस पडला की जोडी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा टाक्याच्या भिंतीवर बसते. मादीने सोडलेला स्राव मागच्या पायांनी घुसळला जातो, अंड्याचा पांढरा भाग फेटावा तसा, आणि त्या फेसात अंडी घातली जातात. बाहेरचा फेस वाळून कडक होतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी फेस विरतो आणि शेपटीवाली पिल्लं, म्हणजे भैकेर, खालच्या पाण्यात पडतात. पाऊस दडी मारतो अशा बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ही ओल लाखमोलाची.

२०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेल्या वाघामुळे याच जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्याचं नाव सगळीकडे झालं, आणि व्हायलाच हवं होतं. बेडकांकडेही आता थोडं बघूया. शाळांनी हे काम हाती घ्यावं: बेडूक दिसला की पायाच्या चकत्यांचा आणि मांडीच्या ठिपक्यांचा फोटो काढावा, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. त्याच्यावर मीठ टाकू नका, त्याची कातडी श्वासही घेते. आणि टाक्याच्या कडेला पांढरा फेस दिसला तर झाडूने खरवडू नका. आठवडाभर तसाच राहू द्या.