मेंटेनन्स वाढला? आधी बिल उघडून वाचा

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. मेंटेनन्सवाढीचा ठराव बहुधा तिथेच येतो, आणि अनेक सभासद अहवाल न वाचताच हात वर करतात. हे महागात पडतं.

आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क, म्हणजे वॉचमनचा पगार, सफाई, जिन्यातले दिवे वगैरे, सगळ्या सदनिकांना सारखंच. वन बीएचके असो की थ्री. पाणीपट्टी नळजोडांची संख्या आणि आकार पाहून ठरते. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. हे दोन निधी कमी करा म्हणून भांडू नये. उद्याची गळती त्यांतूनच थांबणार असते. फ्लॅट भाड्याने दिला, तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपलीकडे नेता येत नाही.

1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींचं गणित मात्र वेगळं. तिथे खर्च अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटला जातो, त्यामुळे मोठ्या फ्लॅटला जास्त भरावं लागतं.

वाढ पटली नाही तरी पैसे अडवू नयेत, थकबाकीवर व्याज चढतं. निषेध नोंदवून भरावेत, लेखी अर्ज देऊन हिशेब तपासावेत आणि लिफ्टच्या देखभाल करारासाठी किती दरपत्रकं मागवली होती, ते सभेत विचारावं.