राजा नको, शेजारचाच चालेल!

ट्रॅजिक हिरो व्हायला मुकुट लागतो का? की होम लोन, लोकलचा पास आणि न गिळलेला एक अपमान एवढंही पुरतं?

पुण्याहून वीकेंडला नगरला (आताच्या अहिल्यानगरला) चक्कर मारणाऱ्यांची लिस्ट ठरलेली असते. रणगाड्यांचं म्युझियम, नेहरूंना कैदेत ठेवलं होतं तो किल्ला, भरपेट जेवण आणि परत. जवळच असलेलं भिंगार मात्र बहुतेकांच्या लिस्टमध्ये नसतं. तिथल्या आलमगीर या ठिकाणाचं नाव पडलं ते औरंगजेबावरून. ३ मार्च १७०७ रोजी, वयाच्या ८८व्या वर्षी, इथल्याच छावणीत तो मेला.

आता जरा नाटकवाल्याच्या नजरेनं बघा. अफाट साम्राज्याचा बादशहा १६८१ मध्ये दक्षिणेत उतरतो. पंचवीस वर्षं मोहिमा आणि तंबू. मराठे काही संपत नाहीत आणि दिल्ली पुन्हा दिसत नाही. डोळे मिटताच मुलांमध्ये गादीसाठी लढाई. उंची आहे, हट्ट आहे, पतन आहे. स्क्रिप्ट एकदम रेडी!

पण एक लोचा आहे. महाराष्ट्रात त्याच्यासाठी कुणाचे डोळे ओले होत नाहीत. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना ज्यानं हाल हाल करून मारलं, त्याच्यासाठी ते होणारही नाहीत. उलट एका दारुड्या वकिलासाठी आणि एका शाळामास्तरणीसाठी मराठी प्रेक्षक पिढ्यानपिढ्या गलबलतोय. असं का?

अ‍ॅरिस्टॉटलचा चोरदरवाजा

ट्रॅजेडीचे नियम घालून दिले ते ग्रीक अ‍ॅरिस्टॉटलनं. त्याच्या मते नायक मोठ्या घराण्यातला, नावाजलेला हवा. तो दुष्ट नको, अगदी संतही नको. त्याच्या हातून एखादी मोठी चूक व्हावी आणि तो कोसळावा. म्हणजे तुमचा-आमचा पत्ता कट!

गंमत पुढेच आहे. ट्रॅजेडी पाहताना करुणा आणि भीती वाटली पाहिजे, असंही तोच सांगतो. करुणा कुणाबद्दल? ज्याची एवढी मोठी शिक्षा भोगण्याची लायकी नव्हती, त्याच्याबद्दल. आणि भीती? आपल्यासारख्याच माणसावर संकट आलं की वाटते ती. आपल्यासारखा! दारावर मुकुटवाला पहारेकरी उभा करून साहेबांनी मागचा दरवाजा उघडा ठेवलाय तो असा.

त्या दरवाजातून फेब्रुवारी १९४९ मध्ये विली लोमन आत आला. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मधला थकलेला, कर्जात बुडालेला फिरता विक्रेता. त्याच महिन्यात मिलरनं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून सामान्य माणसाची बाजू मांडली. मुद्दा सोपा होता. स्वतःची इज्जत राखण्यासाठी जो जीवही पणाला लावतो, तो ट्रॅजिक हिरो; मग तो राजा असो की सेल्समन. जगभर चर्चा झाली.

आपण तीस वर्षं आधी

पण मराठी माणसाला हे ऐकून ‘त्यात काय नवीन?’ असं म्हणायचा पूर्ण हक्क आहे. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, गडकरी गेले त्याच वर्षी. नायक सुधाकर वकील आहे. हुशार, तापट, मानी. आजच्या भाषेत यंग प्रोफेशनल. कोर्टात मुन्सफाकडून अपमान होतो, काही काळासाठी सनद जाते आणि तो सल विसरायला पहिला प्याला हातात येतो. पुढे संसार, मूल, सिंधू सगळं त्याच्याच हातून उद्ध्वस्त होतं.

लक्षात घ्या, सुधाकर फक्त बिचारा नाही. अपमान त्याचा झाला, पण प्याला उचलला त्यानं स्वतः. मध्येच दारू सोडून तो काम शोधायलाही निघतो आणि जुने ओळखीचेच त्याला झिडकारतात. त्याचा दोष आणि जगाचा दोष वेगळा करायला गेलं तर करताच येत नाही. नायकाची उंची इथून येते. पगाराच्या स्लिपवर ती शोधून सापडणार नाही.

टाइमपासचा खटला

सामान्य माणसाचं नाटक बघायचं तर हौशी रंगभूमीसारखी दुसरी जागा नाही. नगरचंच उदाहरण घ्या. मधुकर तोरडमल इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता नाटकात रमले, सदाशिव अमरापूरकर याच मातीतून वर आले. दिवसा बँक, शाळा, सरकारी ऑफिस आणि संध्याकाळी तालीम, हे हौशी नाटकवाल्याचं टाइमटेबल. गावोगावच्या अशा मंडळींसाठी राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून भरते आहे.

१९६७ मध्ये याच स्पर्धेसाठी विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ उभं राहिलं आणि त्यातली पात्रंही अशीच निघाली. एक हौशी ग्रुप प्रयोगासाठी गावात आलाय. वेळ जात नाही म्हणून खोटा खटला खेळायचं ठरतं. आरोपी कोण, तर लीला बेणारे. शाळेत शिकवणारी, हसरी, बिनधास्त. बघता बघता खेळाचा खटला तिच्या खऱ्या आयुष्यावर चालतो. लग्नाशिवाय राहिलेलं मूल, त्यातला जबाबदार पुरुष गैरहजर, नोकरी गेलेली. सुलभा देशपांडेंनी साकारलेली ही बेणारे मराठी प्रेक्षक विसरलेला नाही.

इथे खलनायक कोण? कुणीच नाही आणि सगळेच. चहा पीत, सुपारी कातरत, जोक मारत एका बाईला संपवणारी ही आपलीच मंडळी. ऑफिसच्या पँट्रीत कुणाची तरी ‘केस’ चघळताना हे नाटक जरूर आठवावं.

कायदा बदलला, मग?

जॉर्ज स्टायनर या समीक्षकानं १९६१ च्या ‘द डेथ ऑफ ट्रॅजेडी’ या पुस्तकात खोचक सवाल टाकला होता. आधुनिक नाटकातली दुःखं कायदा बदलून किंवा सोयी वाढवून मिटतील, मग ती ट्रॅजेडी कसली? प्रश्न वाजवी आहे. सुधाकरला आज रिहॅब सेंटर मिळालं असतं. बेणारेच्या नाटकानंतर चारच वर्षांनी, १९७१ मध्ये, भारतात गर्भपाताचा कायदा आला.

पण बेणारेला मूल हवं होतं! ते नष्ट करायची शिक्षा बाकीचे सुनावतात. तिला हवा होता माणूस म्हणून जगायचा हक्क आणि तो देणारं कलम कुठल्याच कायद्यात नाही. तसंच रिहॅबमध्ये दारू सुटते, पण भर कोर्टात झालेला अपमान तिथे धुऊन मिळत नाही. कायदा बदलूनही जे उरतं, तिथे आजची ट्रॅजेडी सुरू होते.

सगळंच ‘ट्रॅजेडी’ नसतं यार

याचा अर्थ अप्रेझल हुकलं की आपण ट्रॅजिक हिरो असाही नाही. वाईट होणं वेगळं आणि शोकांतिका वेगळी. बस दरीत कोसळली की पेपर ‘शोकांतिका’ म्हणतो, पण तो अपघात आहे. शोकांतिकेत माणसाचा स्वतःचा हात असतो आणि त्याला सोडता न येणारी एक गोष्ट असते.

मग जिथे माणसाच्या हातात फारसं काही ठेवलेलंच नाही तिथे? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, असा आकडा आपण पाठ म्हणतो. जयंत पवारांनी १९९७ च्या ‘अधांतर’मध्ये तो आकडा एका खोलीत आणून बसवला. वडील नाहीत, आई आहे आणि धड काहीच हाताशी न लागलेली मोठी मुलं. त्यांतला कुणीही एकटा ‘हिरो’ नाही. अख्खं घरच नायक आहे. ट्रॅजेडीची व्याख्या ताणावी लागते, हे खरं. पण घर बघून झाल्यावर अडीच लाख हा नुसता आकडा राहत नाही.

सामान्य माणूस बातमीत आला की बहुतेक वेळा संख्या होतो. इतके मेले, इतके बेकार झाले, इतक्यांनी जीव दिला. नाटक त्याला नाव देतं, चूक करायचा अधिकार देतं आणि दोन-अडीच तास त्याच्याकडे बघायला भाग पाडतं. बादशहाची नोंद ठेवायला इतिहासकार असतात. तुमच्या मजल्यावरच्या, नोकरी गेल्याचं घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाची नोंद ठेवायला फक्त नाटकवाला येतो.

तेव्हा पुढच्या वीकेंडला मल्टिप्लेक्सचं बुकिंग करण्याआधी जवळच्या नाट्यगृहाचा बोर्ड एकदा वाचाच. हौशी मंडळींचा प्रयोग असेल तर उत्तम!