बाटलीतलं ‘पाणी’ आणि जुनी मोटारसायकल

मोबाइलवर फिरणारा तो व्हिडिओ तुमच्यापर्यंतही पोचला असेल. बाटलीत पेट्रोल, त्यात थोडं पाणी ओततात, बाटली हलवतात. तळाशी बसलेला थर ओतलेल्या पाण्याहून जाड दिसतो आणि पाठीमागून आवाज येतो, “बघा, पंपावर पाणी विकतायत!”

प्रयोग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त. शंभर मिली पेट्रोलमध्ये दहा मिली पाणी घालून हलवलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि तळाचा थर साधारण तीस मिलीपर्यंत जातो. वाढलेले वीस मिली म्हणजे वीस टक्के इथेनॉल, दुसरं काही नाही. पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल 99.5 टक्क्यांहून अधिक शुद्ध, म्हणजे जवळजवळ पाणीरहित असतं.

इथेनॉलचं हे मिश्रण अचानक आलं, असंही म्हणतात. ते निम्मंच खरं. 2001 साली देशात याच्या पहिल्या चाचण्या झाल्या त्या मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीला. 2003 पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. देशभराची सरासरी दहा टक्क्यांवर जायला 2022 उजाडलं, पुढचे दहा टक्के मात्र तीनच वर्षांत आले. जुन्या गाडीवाल्यांची तक्रार आहे ती या उडीबद्दल, आणि मला ती रास्त वाटते. वीस टक्क्यांना टिकणारे सुटे भाग असलेल्या गाड्या 2023 च्या एप्रिलपासून आल्या. त्याआधीची स्प्लेंडर, आरएक्स 100, बुलेट यांना कुणी विचारलं नव्हतं.

“अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं” हे मात्र इथेनॉलच्या माथी मारता येत नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्याचं प्रमाण वीस टक्के, म्हणजे एकूण घट सहा-सात टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात दुचाकींसाठी तीन ते चार टक्क्यांचा अंदाज आहे. साठ देणारी गाडी छप्पन ते अठ्ठावन्न देईल. चाळीसच देत असेल, तर आधी ब्रेक चिकटतोय का बघा, चेन बघा, एअर फिल्टर काढून झटका.

खरा मुद्दा कार्बोरेटरचा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलला नऊ किलो पुरते, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा किलो हवा हवी. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटला फक्त त्याचं भोक ठाऊक. ते पूर्वीइतकंच इंधन सोडतं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. सकाळी चोक जास्त वेळ लागतो, पिकअप घेताना गाडी अडखळते, प्लग काढला तर पांढुरका दिसतो. चांगला मेकॅनिक प्लग बघूनच एक माप मोठा मेन जेट बसवतो. खर्च किरकोळ. पण टू-स्ट्रोक गाडी लीन मिश्रणावर घाटात ताणली तर पिस्टन सीझ होऊ शकतं, आणि तो खर्च किरकोळ नसतो.

“रबर विरघळतं” ही भीतीही अशीच फुगवलेली. जुनं रबर एका दिवसात वितळत नाही. ते फुगतं, कडक होतं, मग चिरतं. पंधरा-वीस वर्षांचा पेट्रोल पाइप आणि कॉकचे वॉशर तसेही बदलायला झालेले असतात. आणखी एक गंमत म्हणजे इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं. पहिल्या काही टाक्यांमध्ये जेट वारंवार चोक झाले, तर तो दोष पेट्रोलपेक्षा वर्षानुवर्षांच्या गाळाचा.

रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला धोका जास्त, आणि तो पाण्याचा. दहा टक्के मिश्रण लिटरमागे चार-पाच मिली पाणी पोटात घेऊ शकतं, वीस टक्के त्याहून अधिक. म्हणजे इथेनॉल वाढलं की मिश्रण लवकर फाटतं, हा समजही उलटा. पण टाकीचं झाकण गळकं असेल आणि गाडी पावसाळाभर अंगणात उभी असेल, तर ती मर्यादाही ओलांडली जाते. मग इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसतं, आणि कॉक नेमका तळातूनच इंधन ओढतो. येझदी, राजदूत, जुनी चेतक यांचं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल पेट्रोलमध्येच घालतात, ते वरच्या थरात राहतं. इंजिनाला मिळतं ते तेलाशिवायचं.

म्हणून महिना-दोन महिने गाडी उभी ठेवायची तर टाकी अर्धवट नको, काठोकाठ हवी. मोकळी जागा जितकी कमी, तितकी आत दमट हवा कमी आणि गंजही कमी. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर फ्लोटच्या वाटीचा स्क्रू सैल करून ती रिकामी करा.

महाग, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातलं की प्रश्न मिटला असं मानणारेही भेटतात. ऑक्टेनचा आकडा इंजिनातल्या ठोक्याला होणारा विरोध सांगतो, इथेनॉल किती आहे ते सांगत नाही. उलट इथेनॉलमुळेच ऑक्टेन वाढतं. जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला त्याचा फायदाही नाही आणि तोटाही. त्या पैशांत नवा पाइप येतो.